हळू, अंडी हायती

डॅशबोर्डवर उजव्या हाताच्या दोन थापा आणि मग, “हळू, अंडी हायती.”

आमच्या दोघांचं शेवटचं काम ते एवढंच. शनिवारी दुपारी नगरला माल देऊन परत येत होतो. राहुरी मागे पडली, आमच्या गावाच्या फाट्यावरचा गतिरोधक आला आणि शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने थापा मारल्या.

मी म्हणालो, “अगं, मागं सगळे ट्रे रिकामे हायती.”

“असू द्या. हाताला सवय हाय.”

घरी आलो. तिने रिकामे ट्रे मागेच नीट रचले, चहा टाकला. चहा गोड झाला म्हणून मी कुरकुरलो, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सांगण्यासारखं यात काही नाही. रविवारी दुपारी ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, खाटेवर टेकली आणि दवाखान्याच्या गाडीला फोन लागेपर्यंत सगळं उरकलं होतं.

लोक भेटायला येतात, म्हणतात, बाई देवमाणूस होती. देवमाणूस वगैरे काही नव्हती. भांडखोर होती. खोटं बोलायची, आणि इतकं बेमालूम की मला चाळीस वर्षांत चार-पाच वेळाच पकडता आलं. ज्यांनी तिला रस्त्यावर पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. तुम्हीही पाहिलं असेल. पुढे अंड्यांचा टेम्पो, मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग आणि डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून “जा बाबांनो, मरा पुढं जाऊन” म्हणणारी बाई. ती आमची.

टेम्पो शेठचा, पोल्ट्री शेठची. मी ड्रायव्हर. ती पोल्ट्रीवर अंडी बघायच्या कामाला होती. तेलाचा पत्र्याचा डबा, आत बल्ब, वर झाकणाला अंड्यापेक्षा जरा लहान भोक. भोकावर अंडं ठेवायचं. चांगलं असेल तर आतून नारंगी उजळतं, नासकं असेल तर काळं दिसतं. दिवसाला हजारो अंडी तिच्या हाताखालून जायची. माल भरून झाला की ती माझ्या शेजारी येऊन बसायची. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी खड्ड्यात चार ट्रे फोडले तेव्हा ती आपणहून चढली आणि एकवीस वर्षं उतरली नाही.

“मी बघून दिल्याली अंडी हायती,” म्हणायची. “फोडायला तुमाला कोनी सांगितलं?”

मागच्या वर्षी एके दिवशी शेठने मला बोलावलं. हातात मोबाईल.

“तात्या, हे काय? ब्याऐंशी! अंड्याच्या गाडीला ब्याऐंशी!”

राहुरीच्या पुढे रस्ता सरळ जातो, त्या सरळीवर पोलिसांची पांढरी गाडी उभी असते. तिच्यातल्या वेग मोजायच्या मशीनने आमचा टेम्पो टिपला होता. साठच्या जागी ब्याऐंशी. पावती गाडीच्या मालकाच्या मोबाईलवर आली. ब्याऐंशी ऐकून मला घाम फुटला. का फुटला ते पुढे सांगतो.

“रिकामी हुती शेठ, परत येत हुतो.”

“आज रिकामी पळवली, उद्या भरल्याली पळवाल. वय झालंय तुमचं तात्या. पावती खोटी असंल तर रद्द करून आना. पंधरा दिवस देतो. न्हाईतर चावी टेबलावर ठेवा.”

शेठचं काही चुकलं नव्हतं. पण सत्तरीला आलेल्या ड्रायव्हरला दुसरी चावी कोण देतो? आणि माझी चावी गेली की तिची डावी सीट गेली. ती दिवसभर डब्यापुढे, मी घरी खाटेवर. चाळीस वर्षांच्या संसारात आमचं खरं बोलणं व्हायचं ते त्या टेम्पोत. घरात तिला वेळ नसायचा आणि मला अक्कल.

तिला सांगितलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल. पण तिने आवाजच चढवला नाही. ती हळू बोलली की मला जास्त भीती वाटायची.

“कुठं टिपली म्हणता?”

“सरळीवर.”

“बरं,” ती म्हणाली. “उद्या हापिसात जायचं. माझा बल्बचा डबा गाडीत ठिवा. आन दोन अंडी.”

“अगं, अर्ज द्यायचा असतो. अंडी काय करायची तिथं?”

“तुमी गाडी चालवा. हळू.”

नगरचं ट्रॅफिकचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, त्यापुढे वैतागलेले एक साहेब आणि दाराशी एक हवालदार. साहेब वयाने आमच्या जावयाएवढे. आमची पाळी आली तेव्हा हिने डबा थेट टेबलावर ठेवला.

“आजी, हे काय आणलंय?”

“पुरावा हाय सायेब. पिन कुठं लावू?”

“कसला पुरावा? मशीन खोटं बोलत नाही आजी. मशीन आहे ते.”

“मीबी मशीनवरच काम करती,” ती म्हणाली आणि हवालदाराकडे वळली. “दादा, ती ट्यूब बंद कर. खिडकी लाव. दार बी.”

हवालदार साहेबांकडे बघू लागला. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, सकाळपासून रडणारी माणसंच बघितली असतील, त्यांनी मान हलवली. भरदिवसा ऑफिसात अंधार झाला. बाहेर रांगेतलं कोणीतरी ओरडलं, “लाईट गेली! आता काम न्हाई होत आज!” दोन माणसं खरंच निघून गेली.

हिने बल्ब लावला. भोकावर एक अंडं ठेवलं, ते नारंगी उजळलं. ते काढून दुसरं ठेवलं, ते काळं.

“हे चांगलं, हे नासकं. कळलं ना?”

“कळलं,” साहेब म्हणाले.

मग तिने डब्याचं झाकणच काढून टाकलं. बल्बचा सगळा उजेड भसकन वर आला, साहेबांनी डोळे बारीक केले. तिने पदराआड दोन्ही अंडी हातात खालीवर फिरवली आणि त्या उघड्या डब्यावर शेजारी शेजारी धरली.

“आता सांगा, नासकं कोनतं?”

साहेब पुढे वाकले. हवालदारही वाकला. दोघांचं एकमत होईना. शेवटी साहेबांनी डावीकडच्या अंड्यावर बोट ठेवलं. हिने त्यांच्या चहाची रिकामी बशी ओढली आणि ते अंडं तीत फोडलं. पिवळा बलक, स्वच्छ, घरी नेऊन आम्लेट करावं असा.

“बघा. चांगल्या अंड्याला तुमी नासकं म्हनलं. तुमचं काय चुकलं न्हाई. उजेड पसरला की कुनाचा डाग कुनावर ह्ये कळत न्हाई. तुमच्या मशीनचा झोत बी असाच पसरत आसंल. त्या दिवशी शेजारून एक काळी गाडी गेली भूर्रकन. मशीननं ती मोजली आन पावती फाडली आमच्या ह्यांच्या नावानं. आन दुसरं अंडं बी फोडू का?”

“नको! नको आजी. हवालदार, खिडकी उघडा.”

साहेबांनी कॉम्प्युटरवर पावतीचा फोटो उघडला. शेठच्या मोबाईलवर तो एवढासा दिसत होता, इथे मोठा झाला. आमचा टेम्पो समोरून. आणि आमच्या उजव्या बाजूने खरंच काळ्या गाडीचा मागचा कोपरा, पुढे निघून चाललेला. साहेब जरा वेळ तो कोपरा बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, तुमचा वेगाचा काटा काय दाखवत होता?”

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, “काटा बंद हाय. सहा वर्षं झाली.”

आता बोला! जिंकत आलेली बाजू. साहेब म्हणाले, “काटा बंद ठेवणं हाही गुन्हा आहे आजी.”

“मग त्याची पावती फाडा. ती खरी हाय. ही खोटी हाय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, काटा आठ दिवसांत दुरुस्त करा. आणि मग त्यांनी फोटो आणखी मोठा केला, तसं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “आजी, तुम्ही शेजारी होता म्हणता. हळू चालवत होते म्हणता. पण तुम्ही तर झोपलेल्या दिसताय.”

काचेतून आम्ही दोघं. मी स्टिअरिंग धरून बसलेला आणि शेजारी ही, मान मागे, डोळे गच्च मिटलेले. साक्षीदारच झोपलेला. मला वाटलं, संपलं. चावी गेली.

ही स्क्रीनपुढे वाकली. मग म्हणाली, “व्हय. झोपले हुते. मग? सायेब, आमच्या त्या टेम्पोला दार तारंनं बांधल्यालं हाय. ब्याऐंशीला त्यात झोप लागंल का कुनाला? तुमी या बसायला. ब्याऐंशीला झोपून दावा, मी दुप्पट दंड भरती.”

हवालदार भिंतीकडे तोंड करून हसत होता. साहेबही हसले आणि त्यांनी अर्ज लिहून घेतला. फोटोत दोन वाहने आहेत, मापलेला वेग कोणत्या वाहनाचा हे स्पष्ट नाही, असा शेरा मारून वर पाठवला. आम्ही उठलो. ही दारातून परत फिरली.

“सायेब, पावती रद्द करा. पर तो फोटो मला द्या. आमचा दोघांचा टेम्पोतला फोटोच न्हाई.”

साहेबांनी कागदावर छापून दिला. बशी मात्र त्यांनी हवालदाराला बाहेर ओतायला लावली.

परत येताना ती तो कागद मांडीवर घेऊन बसली होती. राहुरी मागे पडली, सरळी लागली. पांढरी गाडी त्या दिवशी नव्हती.

“त्या दिवशी किती जोरात हाकली हुती?” ती म्हणाली.

“कधी?”

“आता माझ्यापाशी बी अर्ज देता का?”

म्हणून आता सांगतो. काळ्या गाडीवाल्याने ओलांडताना मला हात करून चिडवलं होतं. “म्हातारबा, बैल जुपा!” असं काहीतरी म्हणाला. ट्रे रिकामे होते, रस्ता रिकामा होता, आणि ही झोपलीय असं मला वाटलं. मी पाय दाबला. ब्याऐंशी नसेल. टेम्पो तेवढा जाणार नाही. पण साठ नव्हती, हेही खरं.

“तू झोपली हुतीस,” मी म्हणालो.

“मी कशाची झोपती. भ्याले हुते. डोळे गच्च मिटून बसले.”

मी गाडी जवळजवळ थांबवलीच. “मग थापा का न्हाई मारल्या?”

ती खिडकीबाहेर बघत होती. मागे कोणीतरी हॉर्न मारत होता, तिने हात काढून त्याला पुढे जायला सांगितलं.

“म्हनलं, आयुष्यभर माझ्या थापांवर चालला मानूस. एकदा पळू दे त्याला.”

मग दोन थापा. “आता हळू.”

आठवड्याने शेठच्या मोबाईलवर पावती रद्द झाल्याचा निरोप आला. चावी माझ्याकडे राहिली, सीट तिच्याकडे. फोटो तिने माझ्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेला चिकटवला. काटा मी काही दुरुस्त केला नाही. तिनेही विचारलं नाही.

तर रविवारी ती गेली. संध्याकाळी सगळं झालं. सोमवारी सकाळी राख सावडली आणि राहुरीला मुळा नदीवर अस्थी सोडायला जायचं ठरलं. जावई म्हणाला, “मामा, माझ्या गाडीत बसा. एसी हाय.”

मी म्हणालो, “तिला एसी सोसत न्हाई.”

अस्थींचं मडकं टेम्पोच्या डाव्या सीटवर ठेवलं आणि वरून पट्टा ओढून लावला. जावई मागून त्याच्या गाडीत. फाट्यावरचा गतिरोधक आला तेव्हा मी आपोआप हळू केलं आणि वाट बघितली. मग सरळी आली. पुढे कोणी नव्हतं. पांढरी गाडी उभी होती की नव्हती, ते मी बघितलं नाही. जावयाने मागून हॉर्न मारला, मी खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायला सांगितलं. तो गेला.

शेजारी बघून मी म्हणालो, “डोळे मीट.”

आणि पाय दाबला. दार खडखडलं, मागे रिकामे ट्रे नाचायला लागले. काटा शून्यावरच होता.