आठव्या काडीची गाठ

मी एकदा मेलेल्या बोकडावर दया केली होती. महिन्यापूर्वी रूथचा फोन आला, "आत्या, बाबा गेले," आणि शांतवनदादाच्या आधी मला तो बोकडच आठवला. रडता रडता हसू आलं... दादाला ते चाललं असतं.

स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली होती. नगरच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायला होते आणि सतराव्या वर्षीच स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजत होते. दादा तिथला सहायक, माझा सख्खा नव्हे, मानलेला भाऊ. मिरजगावचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लहानपणीच्या तापानं डावा पाय काठीसारखा वाळलेला. म्हणूनच असेल, त्याला स्नायूंचं वेड. दवाखान्यात येणाऱ्या परदेशी मासिकात त्यानं एक नवी पद्धत वाचली. ताज्या मांसाच्या बारीक पट्ट्या काडीवर ताणून बांधायच्या आणि ग्लिसरीनच्या पाण्यात, बर्फात ठेवायच्या. पंधरा दिवसांत बाकी सगळं विरून जातं, ओढ घेणारे धागे तेवढे उरतात. मग मांस उकळून काढलेल्या रसाचा थेंब टाकला की मेलेला स्नायू आखडतो... "मेलेलं बी वढतं म्हनं," दादा सांगायचा, "मग माजा जित्ता पाय का वढत न्हाई? ते बगायचंय मला." प्रयोग पाहायला मुंबईचे एक मोठे डॉक्टर येणार होते. साधला तर ते दादाला आपल्या प्रयोगशाळेत घेणार होते.

खाटकाकडून बोकडाचं ताजं मांस आणून त्यानं बांबूच्या आठ काड्यांवर आठ पट्ट्या बांधल्या. आई आजारी म्हणून त्याच दुपारी तो गावी निघाला. "कुसुम, रोज बर्फ घाल. बाकी कशाला हात लावू नगंस." मी शहाण्यासारखी मान डोलावली. संध्याकाळी बरणीचं झाकण काढलं. गार वाफ, खिडकीतून आलेलं पिवळं ऊन, आणि पाण्यात तरंगणारे ते बांधलेले गुलाबी जीव... त्याच महिन्यात माझी आजी गेली होती. आम्हा ख्रिस्ती लोकांत मयताच्या पायांचे अंगठे दोऱ्यानं बांधतात आणि पेटी बंद करण्याआधी सोडतात. नाही सोडले तर माणूस देवाघरी लंगडत जातं, असं आजीच सांगायची. मला वाटलं, एवढा शिकलेला दादा, आणि सोडायचं विसरला! एकेक गाठ सोडत गेले. सात सुटल्या. आठवी काही केल्या सुटेना, कारण माझी नखं मुळापर्यंत खाल्लेली. शेवटी तिच्यासाठी वेगळी प्रार्थना म्हटली, झाकण लावलं आणि पंधरा दिवस इमानानं बर्फ घातला.

डॉक्टर यायच्या सकाळीच दादा परतला. सात पट्ट्या वेड्यावाकड्या आक्रसून तळाशी पडल्या होत्या.

"कुनी सोडलं हे?"

"मी... त्यांना मोकळं जाता यावं म्हणून."

तो स्टुलावर बसला. वाळलेला पाय दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्यावर ठेवला आणि बरणीकडे बघत राहिला. मग त्यानं चिमट्यानं आठवी काडी अलगद वर काढली... तिच्यावरची पट्टी तेवढी अजून ताणलेली होती.

दुपारी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दादानं थेंब सोडला. गारठलेलं माणूस झोपेत अंग आखडून घेतं ना, तसा तो धागा लहान होत गेला. मलाही पाहायला मिळालं. पुढच्या महिन्यात दादा मुंबईला गेला आणि आयुष्यभर तेच काम करत राहिला.

म्हातारपणी तो नगरलाच येऊन राहिला होता. पेटी बंद करायची वेळ आली तेव्हा रूथ म्हणाली, "आत्या, अंगठे तुम्ही सोडा." डावा अंगठा अजून लहान मुलाच्या अंगठ्याएवढा. गाठ सुटेना. रूथ कात्री आणायला वळली, तिला म्हटलं, "थांब," आणि केसांतल्या आकड्यानं हळूहळू ती मोकळी केली. या वेळी सोडायचीच होती.

दोरा घरी आणून त्या आठव्या काडीला गुंडाळून ठेवलाय. काडी दादानंच दिलेली. त्या दिवशी डॉक्टरांचा टांगा फाटकाबाहेर गेल्यावर ती माझ्या हातात ठेवून तो म्हणाला होता, "कुसुम, नखं खायाचं सोडू नगंस गं."