रविवारच्या पुरवणीतली चौकट

आमच्या घरात जेवताना एक नियम होता. बातमी सांगायची असेल तर ती कुठून कळली ते आधी सांगायचं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वीस वर्षं काढल्यानंतर हा नियम मीच घातला होता. मुलगी तेव्हा सहा वर्षांची असेल. शाळेत कुणाचं तरी डोकं फुटलं, असं तिनं सांगितलं की मी विचारायचो, तू पाहिलंस की ऐकलंस? ऐकलंस तर कुणाकडून? तिला तो खेळ आवडायचा. तिच्या आईला आवडत नसे.

"लेकरू जेवायलंय का साक्ष द्यायलंय?" ती म्हणायची.

दहावीच्या वर्षी, दिवाळीनंतर, मुलीनं भाकरी सोडली. कन्नड गावाहून तिचा मामा दर हिवाळ्यात ज्वारीचं पोतं पाठवतो. घरात भाकरी तिच्यासाठीच व्हायची, त्यामुळे त्या वर्षी ते बराच काळ उघडलंच नाही. सुरुवातीला शाळेचा डबा भरलेला परत यायचा. मग तो रिकामा येऊ लागला आणि आम्ही निर्धास्त झालो. तो शाळेच्या वाटेवरच्या गाईपुढे रिकामा होत होता, हे पुढे कळलं.

तरी ती वाळतच चालली होती. माझा संशय फोनवर होता. मी तो काढून घेतला आणि तपासला. त्यात बारीक मुलींचे व्हिडिओ होते. आरशासमोर उभ्या राहून त्या काय काय खात नाहीत ते सांगत होत्या. मला तेवढा पुरावा पुरला. या बायांची पदवी कुणाला माहीत नाही, पत्ता माहीत नाही, त्यांचं कोण तपासतं, असं मी तिला बराच वेळ ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं. फोन परत मागितला नाही. मला तिथंच खटकायला हवं होतं.

जानेवारीत ती शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि ही कधीपासून जेवत नाही, असं विचारलं. तिची आई म्हणाली, दोन महिने. मी त्याच वेळी म्हणालो, पंधरा दिवस. बाईंनी आईचं उत्तर लिहून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबू शकलं असतं, असं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं.

तिसऱ्या दिवशी नर्स तिला खाटेवर उठवून बसवत होत्या. मी पुन्हा फोनचा विषय काढला.

"ते फोनमधलं नाही, पप्पा," ती म्हणाली. "तुमच्या पेपरातलं आहे."

तिनं आईला घरून भूगोलाची वही आणायला सांगितली. वहीच्या कव्हरखाली कात्रण होतं. रविवारच्या पुरवणीतली चौकट. वजन झटपट उतरवण्याचे उपाय, क्रमांक घालून. खाली ना लिहिणाऱ्याचं नाव, ना तज्ज्ञाचं. मथळ्यावरून मी ती ओळखली. मथळा माझाच होता.

पुरवणीची पानं शुक्रवारी दुपारी छपाईला सुटतात. त्या शुक्रवारी शहागंजमधल्या एका कापड दुकानाची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि पानावर तेवढी जागा रिकामी राहिली. अशा वेळी जे सापडेल ते भरतात. मी इंटरनेटवरून एक मजकूर उचलला, मराठी केला, चौकटीत टाकला. शेवटची ओळ बसत नव्हती, म्हणून कापली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये, अशी ती ओळ होती.

"फोनवरचं कुणी तपासत नाही, तुम्हीच म्हणता," मुलगी म्हणाली. "हे तर तुम्ही तपासलेलं असतं ना?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती विचारत होती.

मी संपादकांकडे दुरुस्ती छापण्याची मागणी केली. इतक्या जुन्या चौकटीची दुरुस्ती कोण वाचणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. कुणाची तक्रार आलीय का, त्यांनी विचारलं. माझ्या घरची आहे, मी म्हणालो. घरची तक्रार धरत नाहीत, ते म्हणाले; ते हसत नव्हते. आठवड्याभरानं आतल्या पानाच्या तळाशी दुरुस्तीच्या चार ओळी आल्या: त्या चौकटीतले उपाय जिवावर बेतू शकतात. मी तो अंक घरी नेऊन तिच्यापुढे ठेवला.

तिनं त्या दोनदा वाचल्या.

"हे कुठून कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"डॉक्टरांकडून."

"आणि आधीचं?"

तिनं अंकाची घडी घातली आणि माझ्या बाजूला सरकवली.

त्या वर्षी ती परीक्षेला बसू शकली नाही. आता तिची आई समोर बसते तेव्हा ती अर्धी भाकरी खाते. मी येऊन बसलो की तिचा हात थांबतो, म्हणून मी नंतर जेवतो. डॉक्टरीणबाई वजन करतात. कधी वाढलेलं असतं, कधी नसतं. तो नियम आम्ही कुणी मोडला नाही. जेवताना आता बातमी कुणी सांगतच नाही.