दुखलं तर सांगीन

उस्तादांनी पहिल्याच दिवशी मला सांडशी फेकून मारली. चाकणच्या आमच्या फोर्ज शॉपमध्ये, जिथे तापलेलं लोखंड ठोकून घडवतात, मी चालू हॅमरखाली हात घालायला निघालो होतो. सांडशी खांद्यावर बसली, हात वाचला. "तोंडानं सांगायला टाइम नव्हता," एवढंच म्हणाले. मशीनलासुद्धा लाथ घालणारा माणूस, तरी त्यांच्या शिफ्टसाठी आम्ही धडपडायचो. तिथे कधी कुणाचं बोट गेलं नाही.

मधुमेह त्यांना जुनाच. एकदा तापल्या लोखंडाची खपली त्यांच्या बुटात शिरली. कातडी जळल्याचा वास आम्हाला आला, त्यांना पत्ताच नाही! आम्ही मूर्खांनी टाळ्या पिटल्या आणि तेही मिशीत हसले. साखरेने पाय बधिर केलेत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे एकदा कामावरच त्यांना दरदरून घाम फुटला, उलटी झाली. दवाखान्याचं नाव काढणाऱ्या फिटरच्या नाकावर त्यांनी ठोसा हाणला. "छातीत दुखलं तर सांगीन ना! दुखतंय कुठं?" रक्ताळलेल्या नाकाने तो आणि मी त्यांना अक्षरशः गाडीत कोंबलं.

निगडीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, अटॅक येऊन गेलाय. मधुमेहात छाती दुखेलच असं नाही. हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबल्यात आणि शुगर असताना अशा वेळी स्टेंटच्या जाळीपेक्षा बायपास बरी. उस्तादांनी त्यांची कॉलरच धरली. "जाळी टाक आन् सोड! छाती फाडायची न्हाई!" सलाइनचा स्टँड भिंतीवर आदळला.

त्यांची बायको, आमच्या भाभी, कुरुळीहून आल्या होत्या. नवऱ्यापुढे कधी आवाज न चढवलेली बाई. सरळ पुढे झाल्या आणि सगळ्यांदेखत त्यांच्या कानफटात दिली. "मला बेवा करायचीय काय तुमाला?"

उस्तादांनी गाल चोळला. मग म्हणाले, "कुठं करू सही?"

बायपास झाली. जखम भरता भरेना. भाभी इन्सुलिन टोचायच्या, हे शिव्या घालायचे, पण दंड पुढे करायचे. काही वर्षं बरी गेली. पण त्या मुक्या अटॅकने हृदयाचा एक भाग आधीच मारला होता. एका सकाळी ते गेले. मला बाप गेल्यासारखं झालं.

काही महिन्यांनी भेटायला गेलो, तेव्हा म्हणालो, "भाभी, तुमच्या त्या थपडेने एवढी वर्षं मिळाली."

त्या ढसाढसा रडायला लागल्या.

"लई उशिरा मारली, भाऊ."