हरलेला गडी कुठं गेला?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नव्वदच्या दशकात सांगलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी कुस्तीचा गेम बनवला आणि स्पर्धेच्या अर्जावर लिहिलं, 'जाणत्या पैलवानाने पसंत केलेला.'

पैलवान खरा होता. मलकापूरकडचे वस्ताद, क्लासखालच्या रसवंतीवर भेटले. नाव मी विचारलंच नाही. पसंतीसाठी त्यांना वर घेऊन आलो. कान मोडलेले, देह खुर्चीत मावेना, म्हणून उभ्यानेच खेळले. बटण दाबण्याआधी त्यांनी असा शड्डू ठोकला की टायपिंग करणाऱ्या दोघी दचकून उठल्या.

पडद्यावरचा एक गडी चीत झाला आणि लगेच नाहीसा झाला.

"हरल्याला गडी कुठं गेला रं?"

"घरी गेला," मी म्हणालो.

"हात न मिळवता?" वस्तादांचा चेहरा पडला. "आरं पोरा, मग ही कुस्ती न्हवं, मारामारी हाय. आदी त्येला उठीव, हात मिळवू दे. मग माजी पसंती लिव."

मी मान डोलावली. ते काम आठवड्याचं होतं आणि अर्ज त्याच संध्याकाळी द्यायचा होता.

बक्षीस मिळालं. वस्तादांनी नाकारलेला खेळ मी त्यांच्या पसंतीवर खपवला. त्यांची माफी मागायची अजून राहिली आहे.