वाकड्या बांधाचं पाणी

सत्तरच्या दशकात, मोठा दुष्काळ सरल्यावर, कोरेगावच्या पूर्वेकडच्या माळावर मी मृदसंधारण खात्यात नोकरीला होतो. पावसात उताराची माती वाहून जाऊ नये म्हणून शेतातून आडवे बांध घालायचे आणि घालणाऱ्याला सरकारनं अनुदान द्यायचं, असं ते काम. आरंभ अर्थातच मंडप घालून झाला. पाहुण्यांनी रिबीन बांधलेला टिकाव माळावर मारला. माळाला पाहुण्यांचा हुद्दा ठाऊक नव्हता. टिकाव उसळून परत आला. टाळ्या मात्र आधीच ठरलेल्या होत्या, त्या पडल्या.

माझाही या कामावर फारसा विश्वास नव्हता. तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघून मी एका पातळीतल्या जागा शोधायचो आणि तिथे खुंट्या ठोकायचो. मागे वळून पाहिलं की पहिल्यांदाच औताला जुंपलेल्या खोंडानं तास काढावा तशी ती ओळ वेडीवाकडी दिसे.

अशीच एक ओळ पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या हवालदारांच्या रानातून निघून त्यांच्या धाकट्या चुलतभावाच्या रानात शिरली. दोघांचं कैक वर्षं बोलणं नव्हतं. कारण दोघांमधली हद्द. आणि नियम असा, की ओळ पुरी झाल्याशिवाय अनुदान नाही. शिवाय अर्धा बांध धोक्याचा. उघड्या टोकाशी पाणी फुटलं की केलेलं सगळं ओढ्यात. चुलतभावाला समजवायला मी गेलो. तो खुंट्यांकडे बघून म्हणाला, "आमचं वावर हाय सायेब, सापाची वाट न्हाई."

खुंटी मात्र त्यानं उपटली नाही. तिला शेळी बांधली. सरकारी मालाचा इतका चोख उपयोग मी पुढेही क्वचितच पाहिला.

हवालदारांनी घरची माणसं घेऊन आपल्या हद्दीपुरता बांध घातलाच. हस्त नक्षत्रात एका दुपारी आभाळ फुटलं आणि मी त्यांच्या छपरात अडकलो. पाऊस ओसरल्यावर बाहेर आलो आणि जागीच थांबलो.

बांधाआड पाणी उभं होतं. तांबडं, निश्चल. आणि जिथे जिथे माझ्या खुंट्या वळल्या होत्या, तिथे तिथे वरच्या अंगाला पाण्याची कडही वळली होती. ती रेघ माळाच्या पोटात आधीपासूनच होती. मी ती कागदावर मांडली होती, पण खरी मानली नव्हती. सरकारी कागद आणि सृष्टी यांचं एवढं एकमत मला नवीन होतं. चपला काढाव्यात असं वाटलं. त्या चिखलात आधीच गेल्या होत्या.

हद्दीवर, उघड्या टोकाशी, हवालदार एकटेच दगड लावत होते. पाणी तिथून चिरत निघालं होतं. पलीकडे चुलतभाऊ शेळीसाठी आला होता. त्याच्या रानातली माती ओघळत ओढ्याकडे चालली होती. तो ती बघायचा, मग इकडचं उभं पाणी बघायचा. असं बराच वेळ. मग फावडं घेऊन हद्द ओलांडून आला.

"सरक जरा, दादा."

हवालदार सरकले. टोक दाबायला माती त्यानं आपल्याच रानातली ओढली. पाणी थांबेपर्यंत तो माती टाकत राहिला, हवालदार दगड लावत राहिले.

मग त्यानं जाऊन शेळी सोडली, हललेली खुंटी दगडानं नीट ठोकली आणि मला विचारलं, "सायेब, तुमचा साप फुडं कुठवर जातुय?"