हेडर मोजणाऱ्या बाई

बाईंचा स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा विश्वास नव्हता. ऊर्जानगरच्या मैदानावर आमचा फुटबॉल संघ खेळायचा तेव्हा कोणी किती वेळा डोक्याने चेंडू मारला, ते त्या वहीत टिपायच्या. मग तोच सामना व्हिडिओवर पाहून पुन्हा मोजायच्या. मग मला बसवून मोजायला लावायच्या. दोघांचा आकडा जुळला नाही, की पहिल्या मिनिटापासून पुन्हा सुरू. वीज केंद्रातली ड्यूटी करून संघाला शिकवणारा मी. माझे डोळे चुरचुरायचे.

बाई वरोऱ्याकडच्या, शेतकरी घरातल्या. हेडरने डोक्याला काय होतं यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. पहिल्या दिवशी गेटवर ‘मोजणीसाठी आली’ एवढंच म्हणाल्या, तर चौकीदाराने जमीन मोजायला आल्या समजून त्यांना कार्यालयात पाठवलं. तेव्हापासून त्या मोजणीबाई.

“चेंडू आधी खांद्याले लागला, मंग डोक्याले. याले हेडर म्हनाचं का, भाऊ?”

“म्हणा ना काहीही.”

“काहीही कसं म्हनू?”

असं तासभर चालायचं.

सरावानंतर प्रत्येक खेळाडूने कागद भरायचा: हेडर किती, चेंडू कुठून आला, नंतर डोकं दुखलं का. आमचा बचावपटू रफिक, गेटजवळ मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, रोज ‘चार’ लिहायचा आणि दुखण्यापुढे ‘नाही’. व्हिडिओत तो चारच्या कितीतरी पुढे असायचा.

“खोटं लिहितो लेकाचा,” मी म्हणालो.

“खोटं काऊन म्हनता? आठवत नसन त्याले.”

आणि त्या सरळ त्याच्या दुकानात जाऊन बसल्या. मीही मागोमाग गेलो. रफिक पाना पुसत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “भाऊनंच सांगतलं, कमी लिहा म्हनून.”

खरं होतं. स्पर्धा तोंडावर होती. कागद पाहून कोणी माझा बचावपटू बसवून ठेवू नये, म्हणून मीच सगळ्यांना तसं बजावलं होतं. बाईंनी रफिकलाच पुढे विचारलं, “आन् दुखन्याचं?”

“पंधरा दिवस झाले. खाली वाकलो की नट दोन दोन दिसते.”

दहा वर्षं मी त्या पोराला ओळखत होतो. मला हे माहीत नव्हतं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्याचा खेळ बंद केला. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो आणि मी बाईंवर चिडून होतो. त्यात त्यांनी अहवालाचं एक पान मला वाचायला दिलं: ‘प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून खेळाडूंनी कमी आकडे लिहिले, हे कागद भरवशाचे नाहीत.’

“हे लिहायलाच पाहिजे का?”

“तुमचं नाव नाई टाकलं, भाऊ. पन झालं ते लिहीन.”

“मग ते कागद फेकून द्या.”

“फेकाचे काऊन? चुकले तेबी लोकाइले समजू द्या.”

रफिकचं दुखणं हळूहळू गेलं. तो पुन्हा दुकानात बसू लागला, मैदानावर मात्र परतला नाही.

बाई पुढे धानोऱ्याला, तिथल्या मुलींच्या संघाकडे निघाल्या. त्यांची बॅग घेऊन मी बसस्टँडवर गेलो. कितीतरी दिवस तोंडात घोळत असलेलं शेवटी बोललो, “बाई, माझ्यामुळे तुमचं काम बिघडलं.”

दुसरं कोणी असतं तर ‘असू द्या’ म्हणालं असतं. मला तेच ऐकायचं होतं.

“हो, बिघडलं,” बाई म्हणाल्या, आणि बॅग घेऊन बसमध्ये चढल्या.