न मोजलेला चहा

आमच्या साडूभाऊंइतका निर्मळ मनाचा आणि तितकाच जीव नकोसा करणारा पाहुणा अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. कॉलेजात भूगोल शिकवतात. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना पीएच.डी.ची हुक्की आली आणि विषय घेतला पाणी, वीज आणि अन्न यांचा एकमेकांशी संबंध. आम्हाला वाटलं, चार पुस्तकं चाळतील आणि गप्प बसतील. पण त्यांची पद्धत म्हणजे लोकांच्या घरी दिवसभर ठाण मांडायचं आणि चुलीपासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत सगळं मोजायचं. सरावासाठी पहिलं घर धरलं ते आमचं.

ताटात भाकरी पडली की ज्वारी पावसावरची की विहिरीवरची, चक्की विजेची की डिझेलची, हे कळल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. बायकोनं वांग्याच्या भाजीत वरून पाणी घातलं, तर हे मापाचं भांडं घेऊन हजर. ती म्हणाली, खुशाल मोजा, पण मग भांडीही तुम्हीच घासा. त्यांनी घासली, आणि घासायला किती पाणी लागलं तेही मोजलं. नंतर त्यांची नजर माझ्या आंघोळीकडे वळली. तेव्हापासून ते मुक्कामाला असले की मी न्हाणीची कडी नीट लावून घेतो.

सराव संपून खरी मोजणी सुरू झाली, तेव्हा त्यांचा एक नियम मात्र कडक होता. मोजणाऱ्यानं त्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही. त्यानं कपभर चहा घेतला तरी घरचं पाणी, दूध, गॅस वाढतो आणि आकडे खोटे होतात. म्हणून पाण्याची बाटली आणि डबा घरून न्यायचे. जिथं जातील तिथं लोक याला सरांचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून द्यायचे.

मोताळ्याकडच्या एका गावात काम शेवटाला आलं होतं. गावाबाहेरच्या वस्तीतली घरं तेवढी राहिली होती, आणि ती नसतील तर प्रबंध पुढे सरकणार नाही असं त्यांच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं. मोटरसायकल माझी, म्हणून मीही सोबत. भर उन्हाळा, पाणी टँकरचं. वस्ती ज्यांच्या शब्दाबाहेर नाही अशा एका म्हाताऱ्या मावशींच्या ओट्यावर आम्ही बसलो. त्यांनी सतरंजी टाकली, तांब्याभर पाणी आणून समोर ठेवलं आणि चहा ठेवायला वळल्या. साडूभाऊंनी हात जोडले, नको म्हणाले आणि पिशवीतली बाटली काढून तोंडाला लावली.

मावशी दारातच थांबल्या. आवाज न चढवता म्हणाल्या,

"सर, आमच्या घरचं पाणी चालत नाही काय तुमाले?"

मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. या माणसानं जन्मात कोणाची जात विचारली नाही, पण ते मावशींना कसं कळावं? आयुष्यभर लोकांनी त्यांच्या तांब्याकडे कसं पाहिलं असेल, ते त्या एका प्रश्नात होतं. साडूभाऊ पद्धत समजावायला लागले आणि पहिल्याच वाक्याला अडखळले. बाटली बाजूला ठेवली, तांब्या उचलला आणि सगळा रिकामा केला. शर्ट भिजला.

"चुकलं माझं, मावशी. चहा बी ठेवा. साखर टाकजा चांगली."

एरवी ते बिनसाखरेचा पितात.

त्यानंतर वस्तीतलं प्रत्येक दार उघडलं आणि प्रत्येक दारात चहा झाला. संध्याकाळपर्यंत साडूभाऊंचं पोट पार बिघडलं. पुढे मोजणीच्या दिवसांत असा प्रत्येक कप त्यांनी आकड्यांतून वजा केला. प्रबंध पुरा झाला, पदवीही मिळाली. वस्तीतली सगळी घरं त्यात आहेत, मावशींचं तेवढं नाही. मार्गदर्शकांनी कारण विचारलं, तर म्हणाले, तिथं मी पाहुणा आहे.

आता मोताळ्याच्या बाजाराला गेले की ते वस्तीवर जाऊन येतातच. मावशींना हल्ली कमी दिसतं, त्यामुळे चहा हेच ठेवतात आणि दोघं ओट्यावर बसून पितात. आमच्याकडे आले की अजून माझी बादली मोजतात. परवा मी मुद्दाम खोचकपणे विचारलं, मावशींकडच्या चहाला पाणी किती लागतं हो?

साडूभाऊंनी हातातलं मापाचं भांडं खाली ठेवलं.

"कोणाले माहीत," म्हणाले. "कधी पाहिलंच नाही."